रोबोट नंतर आणा, आधी शर्टाला नंबर द्या: नागपूरच्या कापड व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गांधीबाग, इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ इथले कापड व तयार कपड्यांचे घाऊक व्यापारी आणि विदर्भात साखळी दुकानं चालवणारे सर्व दुकानदार,

सप्रेम नमस्कार.

हल्ली तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गादीवर एक रंगीत पुस्तिका पडलेली दिसते. तीत आरशासारखी फरशी असते, त्यावर मांडण्या पाठीवर घेऊन सरपटणारे रोबोट असतात, आणि शेवटच्या पानावर ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ असं लिहिलेलं असतं. मग मला फोन येतो: घ्यायचं का? मी वाडीच्या पट्ट्यात तयार कपड्यांचं गोदाम चालवतो. माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, लावायचा, दुकानवार काढून गाडीत भरायचा आणि परत आलेला माल पुन्हा जागेवर न्यायचा, एवढंच माझं काम. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहितो.

माझं उत्तर आहे, आत्ता नको. यंत्राशी माझं वैर नाही. पण यंत्राला माल ओळखता आला पाहिजे, आणि आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक मालाला स्वतःची ओळखच नसते. ती ओळख तुम्ही एकेकट्याने मागून मिळणार नाही. सगळ्यांनी मिळून मागितली तर एका सीझनमध्ये मिळेल. त्यासाठी हे पत्र.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्याचं पलीकडचं टोक भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाजवळ आहे, म्हणजे थेट गोदामांच्या माहेरघरात. तिकडे संध्याकाळी भरलेली गाडी आता दुसऱ्या दिवशी आपल्या दारात उभी राहू शकते. उभी राहतेही. आणि मग त्या गाडीतला माल गोदामाच्या तोंडाशीच पडून राहतो, कारण पेटीवर स्केचपेनने ‘४० पीस मिक्स’ लिहिलेलं असतं आणि चालानवर ‘शर्ट, ४८० नग’. कोणता शर्ट, कोणता रंग, कोणती साइज, काही नाही. पेटी फोडा, पीस काढा, साइजवार ढीग लावा, मोजा, कागदावर उतरवा, तो कागद मेहताजींकडे द्या, त्यांनी टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्यावर स्टिकर छापा आणि एकेका शर्टाला चिकटवा. लगीनसराईत आमच्याकडचा जुना माणूस म्हणतो, “माल तं आला भाऊ, मोजाले कोन हाय?” रस्त्यावर कमावलेले तास आपण दारात गमावतो. रोबोट या दाराच्या आतलं काम करतो. दारातलं काम त्याला येत नाही.

बरं, स्टिकर असतं तेव्हाही गंमतच असते. तिरुपूरच्या कारखान्याने आपल्या सोयीचं एक लावलेलं असतं. गांधीबागेतल्या घाऊक व्यापाऱ्याने त्यावर आपलं लावलेलं असतं, त्यात खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत, जी फक्त त्याच्या घरच्यांना वाचता येते. दुकानदाराने तिसरं लावलेलं असतं, एमआरपीचं. एका शर्टावर तीन बारकोड, आणि स्कॅनर त्यातला जो आधी दिसेल तो वाचतो. माणूस समोर असेल तर बोट ठेवून बाकीचे दोन झाकतो. पट्ट्यावरून धावणाऱ्या मालाच्या कॅमेऱ्याला बोट नसतं. आपल्याच भागात एका गोदामात हौसेने कन्व्हेयर बसवला होता. न वाचलेला माल बाजूला पाडण्यासाठी जी घसरगुंडी ठेवतात, तीच दर संध्याकाळी भरून वाहायची. आता त्या पट्ट्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

कपड्याचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. साबणाची वडी म्हणजे साबणाची वडी. शर्ट मात्र कधीच एक नसतो. एका डिझाइनचा शर्ट सहा साइजमध्ये, पाच रंगांत, पूर्ण आणि अर्ध्या बाहीत घेतलात तर ६० वेगळे माल झाले, आणि ४० नंबरच्या आकाशी पूर्ण बाहीच्या जागी ४२ नंबरचा गेला तर तो गिऱ्हाइकाच्या काहीही कामाचा नाही. अशी डिझाइन्स एका सीझनला शे-दोनशे आणि पुढच्या सीझनला त्यातली बहुतेक बाद. साबणवाला ज्या यादीवर दहा वर्षं काढतो, ती यादी आपण वर्षातून दोनदा जाळून नवी करतो. ती हाताने भरणं हाच खरा खर्च आहे, फक्त तो कोणत्याही खातेवहीत ‘यादीचा खर्च’ म्हणून दिसत नाही. तो सापडतो मे महिन्यात, ‘सेट तुटला’ म्हणून निम्म्या भावात काढलेल्या मालात. दुकानात ३८ आणि ४४ उरलेत, ४० नि ४२ संपलेत, आणि त्याच वेळी गोदामाच्या कोपऱ्यात ४० चे दोन गठ्ठे पडून आहेत, ज्यांची नोंद ‘मिक्स’ अशी आहे. तुम्ही त्याला डेड स्टॉक म्हणता. तो माल जिवंत होता, पत्ता चुकला होता.

इथे घाऊकवाले आणि साखळीवाले यांत फरक करायला हवा, कारण पुस्तिका दोघांना एकच दिली जाते. गांधीबागेतला घाऊक व्यापारी गोंदियाच्या नाहीतर वणीच्या दुकानदाराला सेट विकतो. पेटी आली, पेटी गेली. या कामाला रोबोट कशाला? चांगली हातगाडी, नीट रचलेल्या पेट्या आणि वेळेवर मिळणारी बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, एवढं पुरे. सुरतेच्या साडीचंही तेच, ती कॅटलॉगच्या सेटमध्ये येते आणि सेटमध्येच जाते. खरी गरज पडते ती सेट फोडून पीस पाठवणाऱ्याला. चंद्रपूरच्या दुकानात काल ४० नंबरचे तीन शर्ट विकले गेले, आज तिथे तेच तीन पाठवायचे. ऑनलाइन विक्रीत तर एकेकच. या कामात माणसाचा वेळ मांडणीपासून मांडणीपर्यंत चालण्यात जातो. गोदामशास्त्राची पुस्तकंही माल वेचणाऱ्याचा साधारण निम्मा वेळ चालण्यातच जातो असं सांगतात. ते चालणं वाचवावं, माणसाने मालाकडे जाण्याऐवजी मांडणीच माणसाकडे यावी, हीच रोबोटची मूळ कल्पना. तिच्यासाठीच ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. आपल्या देशातही ग्रेऑरेंज, ॲडव्हर्ब अशा कंपन्या असे रोबोट बनवतात, आणि रिलायन्सने २०२२ मध्ये ॲडव्हर्बचा निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. कल्पना खोटी नाही. पण मांडणी चालत आली, तरी तीत काय आहे हे आधी कुणीतरी बरोबर लिहिलेलं असावं लागतं.

युनिक्लोचं उदाहरण तुम्हाला प्रत्येक विक्रेता देतो. टोकियोतल्या अरियाके इथल्या गोदामात २०१८ मध्ये दाइफुकू कंपनीच्या मदतीने यंत्रं बसवली आणि तिथली माणसं ९० टक्क्यांनी कमी झाली. बातमी खरी आहे. त्या गोदामात पेट्या न फोडता आतला माल मोजला जातो, कारण प्रत्येक कपड्याच्या टॅगमध्ये आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींनी दुरून वाचता येणारी, बारीक चिप असते. आणि ती चिप टोकियोत नाही, कपडा शिवला गेला त्या कारखान्यातूनच लागून येते. म्हणजे अरियाकेचं निम्मं गोदाम टोकियोबाहेर, शिलाईच्या टेबलावरच उभं राहिलंय. पुस्तिकेत हे पान नसतं.

मी तुम्हाला चिप लावा असंही सांगत नाही. एका चिपला काही रुपये पडतात, दोनशे रुपयांच्या टी-शर्टला ते परवडत नाही. साधा छापील बारकोड पुरे. १३ आकडी, भारतातल्या नोंदणीचा असेल तर ८९० पासून सुरू होणारा, जो बिस्किटाच्या पुड्यावर तुम्ही रोज बघता. तो टॅगवरच छापला तर वेगळा असा खर्च जवळपास शून्य. अट एवढीच की प्रत्येक डिझाइन-रंग-साइजला वेगळा नंबर, आणि तो कारखान्यातून बाहेर पडतानाच लागलेला. पेटीवर आतल्या मालाची यादी आणि तीच यादी गाडी निघताना एक्सेलमध्ये तुमच्या मेलवर. मग दारात पेटी फोडायची गरज उरत नाही. दहातली एखादी पेटी उघडून पडताळा घ्या आणि बाकीच्या सरळ जागेवर लावा.

आता तुमच्या मनातलं मला माहीत आहे, कारण गांधीबागेत हे बोललो की समोरचा गालात हसतो. भीती अशी की कारखान्याचा नंबर मालावर आला की गोंदियाचा दुकानदार तो बघून थेट तिरुपूरला फोन लावेल आणि मधला माणूस उडेल. भीती अगदीच निराधार नाही, पण तिचं उत्तर नंबराच्या नियमातच आहे. हा नंबर कपडा शिवणाऱ्याचा नसतो, ब्रँडच्या मालकाचा असतो. तुम्ही तुमच्या नावाने माल करून घेता ना? मग बारकोडचे नंबर देणाऱ्या जीएसवन इंडिया या संस्थेकडे तुमच्या पेढीची नोंदणी करा, नंबर तुम्ही वाटा आणि कारखान्याला फक्त छापायला सांगा. गोंदियाच्या दुकानदाराला त्यात तुमचंच नाव दिसेल. तिरुपूर, बेल्लारी, जबलपूर अशा तीन ठिकाणांहून माल घेतलात तरी तुमच्या नंबरांची मालिका एकच राहील. सांकेतिक अक्षरांतली खरेदी किंमत तर संगणकात ठेवा. आता ती शर्टावर असते आणि तुमच्या घरच्यांइतकीच बाजूच्या गाळ्यातल्या नोकरालाही पाठ असते.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. नवरात्राचा पहिला दिवस. त्याच दिवशी कपड्यावरचा जीएसटी बदलला. आधी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होता. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. ज्याच्याकडे प्रत्येक मालाचा नंबर आणि त्यापुढे किंमत होती, त्याला यादीतले दोन रकाने बदलून सकाळी दुकान उघडता आलं. ज्याच्याकडे हाताने लिहिलेली स्टिकरं होती त्याच्याकडे दिवाळीच्या तोंडावर काय चाललं होतं ते तुम्हीच मला सांगितलंय.

हे झालं की यंत्राकडे वळा, तेही मी सांगतो त्या क्रमाने. पहिलं यंत्र अगदी गरीब दिसतं. भिंतीला कप्पे, प्रत्येक कप्पा एका दुकानाचा आणि त्यावर एक दिवा. हातातला शर्ट स्कॅन केला की ज्या दुकानाला तो जायचा त्या कप्प्याचा दिवा पेटतो, शर्ट तिथे टाकायचा, बटण दाबायचं. वीस ते चाळीस दुकानांच्या साखळीला हे भरपूर आहे. नवी मुलगी पहिल्याच दिवशी बिनचूक काम करते, तिला दुकानांची नावंही पाठ लागत नाहीत. तासाला दहा-पंधरा हजार नग वाटणारे सॉर्टर वेगळे. तेवढा माल विदर्भातल्या कुठल्याच साखळीकडे रोज नसतो, आणि वर्षातले दोन महिने पळणाऱ्या यंत्राचा हप्ता बाराही महिने जातो.

दुसरी जागा परतीच्या मालाची, आणि खरं तर मला सगळ्यात जास्त हिच्याविषयी बोलायचंय. ऑनलाइन विकलेला कपडा जितका परत येतो तितकी क्वचितच दुसरी कुठली वस्तू येत असेल. घातला, साइज बसली नाही, परत. दोन साइज मागवल्या, एक ठेवली, एक परत. पैसे घरी द्यायचे होते, दारच उघडलं नाही, परत. तो पीस गोदामात येतो तेव्हा त्याची पिशवी फाटलेली असते, टॅग लोंबत असतो, कधी कॉलरला पावडर, कधी अत्तराचा वास. दुकानांकडून येणारा जीआर, म्हणजे परतीचा, माल याच ढिगात. हा ढीग सगळ्यात मागच्या भिंतीला लावतात आणि ‘सवडीने बघू’ म्हणतात. सवड मिळते तेव्हा सीझन संपलेला असतो. परत आलेला शर्ट पहिल्या आठवड्यात मांडणीवर गेला तर पूर्ण भावाचा, दोन महिन्यांनी गेला तर सेलचा. परदेशात यासाठी वर टांगलेल्या पिशव्यांची यंत्रणा वापरतात. परत आलेला कपडा तपासून पिशवीत टाकला की तो मांडणीवर न जाता वरच फिरत राहतो आणि पुढची ऑर्डर आली की तिथूनच निघतो. आपल्याला एवढं आज नको. पण एक वेगळं टेबल, चांगला उजेड, वाफेची इस्त्री, नव्या पिशव्या, लेबलचा प्रिंटर आणि तपासणारी तीन-चार जाणती माणसं एवढं प्रत्येकाने आजच करावं. छोट्या व्यापाऱ्यांनी मिळून एकच केंद्र काढलं तर आणखी बरं. मालाला सगळ्यांचा एकसारखा नंबर असेल तर एका छताखाली दहा पेढ्यांची परती सरमिसळ न होता निघते.

आता थोडं आपल्या उन्हाविषयी, कारण बाहेरून येणाऱ्या विक्रेत्याला ते जानेवारीत कळत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या मांडणीपाशी त्याहून जास्त असतं. रोबोटमधली लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंशांच्या आसपास असते. कोटेशनमध्ये कामाचं तापमान काय लिहिलंय ते वाचा आणि छताला उष्णतारोधक थर घालायचा खर्च रोबोटच्याच किमतीत धरा. कूलर लावाल तर पेट्या ओलसर होऊन खालच्या दबतील. आणि लेबलं रिबनच्या प्रिंटरवर काढा. बिनरिबनचं स्वस्त थर्मल लेबल उन्हातल्या गाडीत उडतं नाहीतर काळवंडतं, मग ज्या नंबरासाठी एवढी खटपट केली तोच वाचता येत नाही. शिवाय, ज्या गोदामात दोन कोटींचं यंत्र आणायचं चाललंय त्यात आगीसाठी पाण्याचे स्प्रिंकलर आहेत का? इतवारीतल्या जुन्या इमारतींचे जिने बघून मला रात्री झोप लागत नाही, ते वेगळंच पत्र होईल.

राहता राहिली माणसं. हमाल कमी होतील म्हणून यंत्र घ्यायचं, असं काही जण उघड बोलतात. माथाडी कायदा १९६९ पासून आहे. मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे हमालांच्या सोयी-सवलतींसाठीची ठरावीक टक्केवारी, माथाडी मंडळात भरायची ही पद्धत तुमच्या वडिलांनीही पाळली. पेट्या उतरवणं रोबोट करत नाही, ते काम राहणारच. कमी होतं ते चालणं आणि मोजणं. त्यातून मोकळी होणारी माणसं परतीच्या टेबलावर हवीत. ज्याने वीस वर्षं गठ्ठे बांधलेत तो कापड चिमटीत धरून सांगतो की हे एकदा धुतलं गेलंय, आणि असं सांगणारा कॅमेरा अजून तरी मला कुणी दाखवलेला नाही.

नवं यंत्रही आणायचं आणि माणसंही सांभाळायची, हे आपल्या गावाला नवं नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि १८८० च्या दशकात देशात इतर गिरण्या थबकलेल्या असताना इथे रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायच्या नव्या पद्धतीच्या चात्या, लावून पाहिले. आगीसाठी स्प्रिंकलर त्याच गिरणीत बसले. कामगारांचा निवृत्ती निधी १८८६ चा आणि अपघात भरपाई १८९५ ची, तेही त्याच गिरणीत. तिथे आज मॉल आहे आणि त्यात तुमच्यापैकी काहींचे गाळेही आहेत.

जीएसटी आल्यावर, १ जुलै २०१७ नंतर, केंद्रीय विक्रीकर वाचवायला प्रत्येक राज्यात डेपो ठेवायची गरज संपली आणि नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे मोठ्या कंपन्यांना एकाएकी आठवलं. महामार्ग ४४ आणि ५३ इथेच एकमेकांना छेदतात. त्यांची गोदामं वाडीत, बुटीबोरीच्या रस्त्यावर उभी राहिली, आणि त्यांना कारखान्यातून नंबर लागूनच माल येतो. तोच कारखाना तुम्हाला ‘मिक्स’ पाठवतो, कारण तुम्ही मागत नाही. एकट्याने मागितलं तर तो म्हणेल, दुसरीकडून घ्या. गांधीबाग, बर्डी आणि अमरावतीचा बिझीलँड हा कापडबाजार एकत्र बोलला तर असं म्हणायची त्याची छाती होणार नाही.

दिवाळीच्या मालाच्या ऑर्डरी पावसाळ्याच्या सुरुवातीला जातात. या वेळच्या ऑर्डरीवर सगळ्यांनी सारख्याच शब्दांत दोन ओळी घालाव्यात: ‘प्रत्येक नगावर आमचा १३ आकडी बारकोड छापलेला असावा. पेटीनिहाय यादी मेलवर न आल्यास माल उतरवून घेतला जाणार नाही.’ पहिल्या वर्षी फक्त शर्ट आणि जीन्स घ्या, साड्या आणि लहान मुलांचे कपडे पुढच्या वर्षी. नंबर वाटण्याचा कोरा तक्ता मी तयार ठेवलाय, ज्याला हवा त्याने माणूस पाठवावा, पैसे लागणार नाहीत. तो भरताना साइजच्या रकान्यात एका मालाला ‘एल’ आणि दुसऱ्याला ‘४२’ असं करू नका. दोन्हींपैकी एक पद्धत आधी ठरवा आणि मेहताजींना पण सांगा.

आपला,
एक गोदाम व्यवस्थापक
वाडी, नागपूर